गोळीची साक्ष

रविवार, जानेवारीचा शेवटचा आठवडा. नेमकी तारीख माझ्या वहीत होती आणि ती वही आता नाही, म्हणून अंदाजानं लिहीत नाही. स्थळ: अमरावती, राजापेठेच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर. हजर: बाबा, नळखात्यात चावीवाले; माय; मी, वय बारा; धाकटा भाऊ सुधाकर, वय सात; चंद्राआत्या, बाबांची थोरली बहीण, अकोल्याच्या जुन्या शहरातून सकाळच्या मोटारीनं आलेली. दुपारी तीननंतर हजर: बाबूचाचा, बाबांचे टाकीवरचे सोबती. गैरहजर: कोणी नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवसानंतर आमच्यातला प्रत्येक जण आपण तिथं नव्हतोच असं आयुष्यभर वागत आला. मीसुद्धा.

चावीवाले म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. रस्त्यात लोखंडी झाकणं असत, त्याखाली पाण्याचे व्हॉल्व्ह. बाबांकडे छातीपर्यंत येईल एवढी लोखंडी चावी होती, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. ती खांद्यावर टाकून ते निघाले, की पाच मिनिटांत गल्लीतल्या नळांना आधी घरघर सुटे, मग वाऱ्याचा फुसका आवाज येई, मग पाणी. सकाळी साडेपाचला एक फेरी आणि दुपारी तीनला दुसरी. बायका रस्त्यात थांबवून म्हणत, "रामदासभाऊ, आमच्या आळीले अजून दोन आटे फिरवा ना." बाबा म्हणत, "फिरवतो, पन मंग खालची आळी मले फिरवते." लोकांना ते आवडत. वेळेवर आले तर. कारण कधीकधी ते येतच नसत, नळ कोरडे राहत, आणि कोणाला तरी ते मोर्शी रस्त्याच्या कडेला, चावी उशाला घेऊन, झोपलेले सापडत.

दारूबंदी होती, म्हणजे दारू परवान्याशिवाय विकत मिळत नव्हती एवढंच. हातभट्टीची मिळे, मोहाची मिळे, सायकलच्या ट्यूबमध्ये भरून घरपोच येई. आमच्या घराला याची लाज दुप्पट होती. आम्ही दीक्षा घेतली त्या दिवशी बाबांनी पांढऱ्या कपड्यांत, हजारो लोकांत, मोठ्या आवाजात शपथ घेतली होती, आणि त्या शपथेत दारू पिणार नाही हेही होतं. मायनं घरातले सगळे देव एका टोपल्यात घालून नदीत सोडले आणि मागे वळून पाहिलं नाही. बाबांनी सव्वा महिना पाळलं. मग एका संध्याकाळी ते भिंतीला धरून धरून घरी आले. समोरच्या घरातला एक माणूस ओट्यावरून ऐकू येईल असं बोलला, "धरम बदलला बावा, घोट नाई बदलला." माय आत चुलीपुढं होती. तिनं ऐकलं. ते वाक्य तिनं बाबांना कधी माफ केलं नाही. बोलणारा तो शेजारी पुढं वारला तेव्हा मात्र ती त्याच्या घरी भाकरी घेऊन गेली.

ओव्हरसियर साहेबांनी दोनदा सोडून दिलं. तिसऱ्यांदा म्हणाले, नोकरी हवी असेल तर दवाखान्यात जा, नवीन गोळी आली आहे, डॉक्टरांचं पत्र माझ्या टेबलावर पाहिजे. म्हणून माय, बाबा आणि मी डॉक्टरांकडे गेलो. मी कशाला, तर लिहिता-वाचता येणारी म्हणून. डॉक्टर तरुण होते, गॉगल खिशात अडकवलेला, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी बाबांना नाही, आम्हाला समजावलं. गोळी पांढरी, रोज सकाळी एक. दारू सोडवत नाही, पण गोळी अंगात असताना दारू पोटात गेली, की दहा मिनिटांत तोंड लालभडक होतं, डोकं फुटायला येतं, छाती धडधडते, ओकारी थांबत नाही. "चोरून प्यायला तर गोळीच सांगेल," डॉक्टर हसून म्हणाले. मायनं विचारलं, "ताडी?" डॉक्टर म्हणाले, "ताडी नाही, शिंदी नाही, मोहाची नाही, काहीच नाही. एक घोटही नाही." मी एकेक लिहून घेतलं. दारू, ताडी, शिंदी, मोह. चार नावं. यादी पूर्ण झाली असं समजून खाली रेघ ओढली. आणखी काही आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढं परिचारिका म्हणून पस्तीस वर्षं मी हाताखालच्या मुलींना एकच शिकवत आले, की रेघ ओढायच्या आधी विचारा.

गोळी कोणी द्यायची, यावर डॉक्टर म्हणाले, ज्याला घड्याळ कळतं त्यानं. आमच्याकडे घड्याळ नव्हतं, पण मला शाळेच्या घंटेचा हिशोब पक्का होता. तेव्हापासून रोज सकाळी पहिली फेरी आटोपून बाबा परत आले, की मी पितळी पेल्यात पाणी घेऊन उभी राहत असे. गोळी चुरून पाण्यात ढवळायची, त्यांनी प्यायची, मग तोंड उघडायचं, जीभ वर करायची. डॉक्टरांची तशी ताकीद होती, काही लोक गालात धरून बाहेर थुंकतात. एक उंचापुरा माणूस आपल्या बारा वर्षांच्या मुलीपुढं वाकून तोंड वासतो, आणि ती आत डोकावून म्हणते, "हं, झालं." बाबा म्हणायचे, "मास्तरीनबाई, दात मोजले का? काल एवढेच होते ना?" मी हसत नसे. मला ते काम फार मोठं वाटत होतं. वहीत वार, वेळ, खूण, आणि खाली बाबांची सही. सही करताना ते पेन घट्ट धरत आणि ओठ हलवत.

चार महिने गेले. आमच्या घरातले तेवढेच चार महिने मला आवाजासकट आठवतात. सकाळी मायच्या हाताखाली भाकरीचा थापथाप आवाज, तव्यावर पलटताना हलकी चरचर, आणि बाबा सुधाकरला मांडीवर घेऊन त्याच्याकडून पाटी वाचून घेताहेत. माय त्या दिवसांत वांगी निखाऱ्यावर भाजायची, वरून कांद्याची पात आणि कच्चं तेल, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवताना ती बाबांना न विचारता दुसरी भाकर वाढायला लागली होती. पूर्वी विचारत असे, तेही सुधाकरमार्फत: "तुया बाबाले विचार, पायजे का." रविवारी आम्ही चौघं विहारात जात असू, माय पांढऱ्या साडीत, बाबा मागच्या रांगेत. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी त्यांचा आवाज आधी बारीक होई. त्या चार महिन्यांत तो हळूहळू बाकीच्यांइतका झाला.

पण ते वाळले होते. गोळीनं तोंडाला धातूसारखी चव येते म्हणत, जेवण जात नसे, दुपारी डोळे मिटत. टाकीच्या ओलाव्यानं खोकला धरला होता. ही बातमी कोणीतरी अकोल्याला पोहोचवली आणि त्या रविवारी चंद्राआत्या आली. आत्या मोर्णा नदीच्या काठाजवळ राहायची, विधवा, कापसाच्या जिनात कामाला, बोलणं असं की दोन घरं ऐकत. दारातूनच म्हणाली, "रामदास, हे काय रे! अंगावर शर्ट हाय का खुंटीवर?" बाबा हसले. मायला लागलं. ती म्हणाली, "अक्का, मी का उपाशी ठेवून राहिली त्याले?" आत्या म्हणाली, "तुले कोन म्हनते शांता! तुया हातचं खाऊन तर तो उभा हाय." मग पिशवीतून पातळात गुंडाळलेली एक बाटली काढली. अकोल्याच्या एका जुन्या वैद्याचं द्राक्षासव. भूक लागते, खोकला जातो, रक्त वाढतं. आत्यानं तिथं रांगेत उभं राहून आणलं होतं. बाटलीवर कागद चिकटवलेला होता आणि तो वाचायला माझ्याकडे दिला गेला. जेवणानंतर दोन मोठे चमचे, तेवढंच पाणी घालून, दोन वेळा. मी लगेच वहीत नवीन रकाना आखला. सकाळी गोळी, दुपारी व रात्री आसव.

झाकण काढलं तेव्हा गोडसर, आंबूस वास आला. आज तो वास मला कुठल्याही गर्दीत ओळखता येईल. तेव्हा मी म्हटलं, "आत्या, मनुक्यांसारखा वास आहे." आत्या म्हणाली, "द्राक्षाचंच हाय ते, मनुक्याचाच येईन ना." जेवण झालं, मी चमचा काठोकाठ भरून दोनदा ओतला, पाणी घातलं आणि बाबांना दिलं. ते पेला वर करून म्हणाले, "आता ही कोनती परीक्षा?" आणि प्यायले. तोंड पुसलं, चावी खांद्यावर घेतली आणि टाकीकडे निघाले. आत्यानं मागून ओरडून सांगितलं, संध्याकाळी लवकर ये, मी पानगे करतो तुयासाठी. टाकी पाच मिनिटांवर होती. मी वहीत आसवापुढं खूण केली.

त्या दिवशी तीन वाजता नळ आले नाहीत. गल्लीत बादल्या वाजायला लागल्या. मायनं दारात येऊन रस्त्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते मी पाहिलं नाही, पाठ पाहिली, ती ताठ झाली होती. थोड्या वेळानं सायकलरिक्षा आली. बाबूचाचा बाबांना धरून बसले होते, चावी पायापाशी आडवी. बाबांचं तोंड, मान, कानांच्या पाळ्या, सगळं उकळत्या पाण्यातून काढल्यासारखं लाल होतं, डोळे तारवटलेले. शर्टावर ओकलेलं होतं. श्वास इतका जोरात चालला होता की रिक्षावाला घाबरून उतरून बाजूला उभा राहिला. बाबूचाचा खालमानेनं म्हणाले, "भाभी, मैं क्या बोलूँ. साब टाकीपेच थे. उन्होंने सब देखा. बोले, डॉक्टर की चिट्ठी में जैसा लिखा है, वैसाच हुआ."

बाबांना ओसरीत निजवलं. आत्या कांदा हुंगवायला धावली, माय हलली नाही. बाबा दोन वाक्यांच्या मध्ये ओकत होते. "मी नाई घेतली. शांता, मी एक घोट नाई घेतला." माय म्हणाली, "कुठी घेतली?" "नाईच घेतली तं कुठी सांगू?" "तोंड पाहा आरशात." "लाल झालं असन. पन मी नाई घेतली." माय इतक्या थंड आवाजात बोलली की मला आजही तो ऐकू येतो. "तुमी खोटं बोलता. तुमची शपथ खोटी. गोळी खोटं बोलत नाई." आत्या मध्ये पडली. "शांता, माया भाऊ प्याला तर प्यालो म्हनते, लपवत नाई कधी. आज नाई म्हनते तर नाई." माय म्हणाली, "अक्का, तुमी आज आल्या. मी तेरा वर्षांपासून पाहून राहिली." खरं म्हणजे आत्या बरोबर बोलली होती. बाबा पिऊन आले की कबूल करत, रडत, पाया पडत. पण हे पुरावा म्हणून कोण धरणार? सगळ्या गल्लीत जिनं विश्वास ठेवला ती एकटी आत्या होती, आणि बाटली आणणारीही तीच होती.

मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कोपरावर उठून बसायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "तू सांग बाई. तू तं सगळं लिहितं. काय काय घेतलं मी आज, वाच यायले." मी वही आणली. खरोखर आणली आणि वाचली. सकाळी गोळी. दुपारी भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. जेवणावर आसव, दोन चमचे. "बस?" बाबा म्हणाले. "बस एवढंच ना?" ओसरीत पाच माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. दारापाशी गल्लीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या होत्या. मी शिस्तीची मुलगी होते, जेवढं ठाऊक तेवढंच बोलणारी. म्हणून बोलले, "जेवनापर्यंत एवढंच. त्याच्यापुढं मी तुमच्यापाशी नव्हती."

बाबा पुन्हा आडवे झाले. माझं वाक्य तंतोतंत खरं होतं, त्यात खोट काढता येणार नाही. पण आत्यासारखं मला म्हणता आलं असतं, की बाबा नाही म्हणतात तर नाही. मी ते म्हटलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं की मी फार प्रामाणिक वागले, आणि झोपताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता. बाबांच्या लाल तोंडापेक्षा त्या अभिमानाची आठवण मला जास्त नकोशी वाटते.

साहेबांनी बाबांना कामावरून काढलं. चावी न्यायला बाबूचाचाच आले आणि ती न्यायला आपण आलो याची त्यांना इतकी शरम वाटली, की पाणीसुद्धा न घेता गेले. दुसऱ्या सकाळी मी पेला घेऊन उभी राहिले तेव्हा बाबा म्हणाले, "ज्यानं मले खोटं पाडलं ते मी तोंडात नाई घेत." मायनं जबरदस्ती केली नाही. पंधरावीस दिवस बाबा घरात बसून होते आणि प्यायले नाहीत. हे मी लिहून ठेवते, कारण हे कोणी मोजलं नाही. नोकरी नाही, गोळी नाही, घरात कोणी धड बोलत नाही, गल्लीतून जाताना लोक मुद्दाम विचारत, "रामदासभाऊ, आज नळ कोन सोडनार?" आणि तरी तो माणूस तितके दिवस कोरडा राहिला. नंतर मायनं बाटली वाया जाऊ नये म्हणून उरलेलं आसव त्यांना द्यायला सुरुवात केली. काही झालं नाही. गोळी अंगातून उतरली होती, होणार तरी काय? पण आमच्या लेखी त्यामुळे आसव आणखीच निर्दोष ठरलं. बाटली संपली त्या आठवड्यात बाबा मोर्शी रस्त्याला गेले आणि खरंच पिऊन आले. आले ते कबूल करतच आले. माय म्हणाली, "आता तरी खरं बोलले."

उन्हाळ्यात ते अकोल्याला आत्याकडे गेले, मायनं अडवलं नाही. जुन्या शहरात हमाली केली, जिनात गाठी उचलल्या, आठवडाभर काम आणि आठवडाभर दारू. मी दोनदा भेटायला गेले. आत्या त्यांना भाकरी देताना एकदाही शिव्या देत नसे, त्यानं मला आश्चर्य वाटे. दुसऱ्या भेटीत मी निघताना बाबांनी मला मोटारीपर्यंत सोडलं. वाटेत म्हणाले, "त्या दिवशी मी नव्हती घेतली बरं." त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. मी सतरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, नर्सिंगला अर्ज केलेली. मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा आता." त्यांनी मान हलवली आणि जाऊ दिलं. त्या पावसाळ्यात काविळीनं गेले.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला शिकवायला एक वयस्कर सिस्टर होत्या, केरळच्या, मराठी मोडकं पण शिकवणं चोख. त्या दिवशी फळ्यावर औषधाचं नाव होतं, डायसल्फिराम. त्यांनी लक्षणं सांगितली आणि मी त्यांच्या आधी ती मनात म्हणत गेले. मग म्हणाल्या, नातेवाइकांना नीट समजावा, दारू म्हणजे फक्त बाटलीतली दारू नाही. लिहा: खोकल्याची काही औषधं, टॉनिक, दातांना चोळायचा अर्क, वैद्याची आसवं आणि अरिष्टं, ती आंबवून करतात, त्यात दारू तयार होते. मी लिहिलं. अक्षर अजिबात हललं नाही. पुढच्या मुद्द्यालाही आकडा टाकला. तास संपल्यावर मुली जेवायला गेल्या आणि मी संडासात जाऊन कडी लावून बसले, रडायला नाही, नुसती बसायला. दोन चमचे. जेवणावर. काठोकाठ. डॉक्टरांना दोष देता येईल, त्यांनी चार नावांवर थांबायला नको होतं. वैद्याला देता येईल. आत्याला देता येईल, मायला देता येईल. मी तो सगळ्यांना वाटून पाहिला आहे. माझ्या वाट्याचा कमी होत नाही. ओतणारी मी होते आणि वाचून दाखवणारीही मीच. आसव मी स्वतःच्या तोंडानं वाचलं, सर्वांनी ऐकलं, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण औषध आजारी माणसाला बरं करतं एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आत्याला मी सांगितलं नाही. तिच्या जिवाला काय वाटेल म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला पटवलं. ती गेली. सुधाकरला सांगितलं नाही. तो शिकला, सरकारी नोकरीत वर चढला, घरात बाबांचा फोटो लावत नाही. त्याची मुलं विचारतात तर म्हणतो, आजोबा दारूत गेले. हे खोटं नाही. आता राहिली माय. तिचं वय ऐंशीला टेकलंय, राजापेठेतच सुधाकरकडे असते, ऐकू चांगलं येतं.

गेल्या महिन्यात मी तेवढ्यासाठीच अमरावतीला गेले. रजा टाकून, सकाळच्या बसनं. माय अंगणात गोणपाटावर बसून चिंचा फोडत होती. मी शेजारी बसले आणि चिंचोके काढायला लागले. कसं सुरू करायचं ते बसमध्ये ठरवून आले होते, तीन वाक्यं. मी म्हटलं, "माय, बाबांचं एक सांगायचं होतं." तिनं हात न थांबवता विचारलं, "काय त्याचं?" मी वाक्य जुळवत होते तेवढ्यात तीच म्हणाली, "लय चांगला मानूस होता तुया बाप. मी त्याले पिन्यासाठी नाई सोडलं, खोट्यासाठी सोडलं. त्या रविवारी एकडाव घेतली म्हनाला असता ना, तर मी अकोल्याले जाऊ दिलं नसतं. हेच धरून मी जगून राहिली बाई. नाईतर कशाले सोडला असता मी त्याले?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू काय सांगत होती?"

मी म्हटलं, काही नाही, त्यांची आठवण आली. चिंचा संपेपर्यंत बसले, चार वाजता परतीची बस धरली. मायला सांगायचं आहे. सांगितलेलं नाही.